तारा धाकटाच निघाला, वैजू

प्रिय वैजू,

तुझा तारा सूर्यापेक्षा धाकटाच आहे. काल दुपारी पक्कं झालं. पक्कं करणारे तुझ्या ओळखीचे नाहीत. परदेशातला एक गट आहे, आणि त्यांनी तुझं एकही निरीक्षण वापरलेलं नाही. अवकाशातल्या दुर्बिणीने त्या ताऱ्याकडे आठवडेच्या आठवडे एकटक पाहिलं, त्यांच्यातल्या दोघांनी वेगवेगळं गणित मांडलं, आणि दोघांची उत्तरं तुझ्या दुरुस्त केलेल्या उत्तराला येऊन मिळाली. मुक्ताने सगळं स्वतः वाचलं, पुन्हा ताडून पाहिलं आणि मगच मला फोन केला. तुझीच विद्यार्थिनी ती, दुसरं काय करणार!

"दादा, बसलाय का तुम्ही?"

"अगं, मी उपसंपादक आहे. जन्मभर बसलेलोच आहे. बोल."

"धाकटाच!" एवढंच म्हणाली.

मी तेव्हा पिंपरीच्या कार्यालयात पाणीकपातीची बातमी लावत होतो. मथळा अर्धवट सोडून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. नव्याने लागलेल्या आमच्या वार्ताहराने विचारलं, "काय झालं, राव?" म्हटलं, "बहिणीचा निकाल लागला." "पास?" "पास." तो म्हणाला, "मग पेढे आणा की!" आता त्याला काय सांगणार, वैजू? पेढे आणले. सगळ्यांनी खाल्ले. कुठली परीक्षा, ते कुणी विचारलं नाही.

तू गेलीस तेव्हा सगळे म्हणत होते, तू लिहिणारा माणूस, बहिणीवर चार ओळी लिही. मी आजवर कितीतरी लोकांवर लिहिलंय. पान सुटायला थोडा वेळ उरलेला असताना, माणूस जाऊन दुपार उलटली नसताना लिहिलंय. तुझ्यावर मात्र लिहिलं नाही. दुःखाने हात चालेना, असं काही नव्हतं. बातमीच अर्धी होती. तुझा शेवटचा निकाल खरा की खोटा, हे कुणालाच माहीत नव्हतं, मग मी काय लिहिणार होतो? 'तिने एका ताऱ्याचं वय सांगितलं, ते कदाचित बरोबर असेल'? असलं वाक्य तूच खोडून टाकलं असतंस.

आता बातमी पूर्ण आहे. म्हणून हे पत्र.

तुला आठवतं, तुझ्या कामाबद्दल मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मथळा दिला होता, 'तारे गातात, वैजयंती ऐकते'? मला तो फार आवडला होता. सकाळी सातला तुझा फोन.

"दादा, तारा गात नाही."

"अगं, वाचकांना कळायला नको का?"

"वाचकांना गाणं कळेल, तारा कळणार नाही. तो हलतो. आत-बाहेर, आत-बाहेर. हलतो असं लिही."

"'तारे हलतात' हा काय मथळा झाला?"

"मग मथळा देऊ नकोस!"

मथळा न देता बातमी कशी छापायची, ते मात्र तू कधी सांगितलं नाहीस. बारावीत असल्यापासून तुझं हेच. दुसऱ्याचा मथळा काढून घ्यायचा आणि बदली काही द्यायचं नाही.

आईला मात्र तू नीट समजावलंस. निगडीच्या घरात, स्वयंपाकघरात. आई ओट्याखालचा गॅसचा सिलिंडर दोन्ही हातांनी धरून हलवून बघत होती. तू दारात उभी राहून म्हणालीस, "काय गं, किती राहिलाय?"

"आठवडाभर जाईल आजून," आई म्हणाली.

"उघडून न बघता तुला कसं कळलं?"

"हलीवला की कळतंय की. त्यात काय बघायचं?"

"मी तेच करते," तू म्हणालीस. "ताऱ्याच्या पोटात इंधन किती राहिलंय, ते तो कसा हलतो त्यावरून काढते. इंधन किती संपलं ते कळलं की वय कळतं. फक्त मला तो हलवावा लागत नाही, तो आपला आपणच हलतो."

आईने थोडा विचार केला. "आन् मंग गॅस संपला म्हंजी?"

"मग तारा आधी फुगतो, लाल होतो. त्याला अजून खूप वेळ आहे."

"नंबर लावून ठेव म्हनावं," आई म्हणाली, आणि तू ओट्याला टेकून पोट धरून हसलीस. पुढे परदेशातल्या एका परिषदेत तू हाच सिलिंडर सांगितलास, आणि तिथल्या लोकांना तो समजावून सांगण्यातच तुझा निम्मा वेळ गेला!

मला तू नंतर आणखी सांगितलंस, दोन-तीन वेळा, कारण मी पुन्हा पुन्हा विचारत होतो. ताऱ्याचा वरचा थर कायम उकळत असतो. त्या खदखदीने ताऱ्यात लाटा उठतात आणि सगळा तारा हलत राहतो. त्याचा पृष्ठभाग वर-खाली होतो तो रांगत्या बाळाच्या वेगाने. एवढ्या लांबून एवढंसं हलणं! काही लाटा थेट गाभ्यातून जाऊन येतात, काही गाभ्याच्या अलीकडूनच वळतात. दोन्हींचे ठोके जवळजवळ सारखे, पण अगदी सारखे नाहीत. त्यांच्यात एक बारीक फट असते. गाभ्यातला हायड्रोजन जळून तिथे हेलियम साचत जातो, तशी ती फट अरुंद होत जाते. फट अरुंद तर तारा म्हातारा, फट रुंद तर तरुण. बस, एवढंच. तुझं अर्धं आयुष्य त्या फटीत गेलं.

आणि ती मोजायची तर ताऱ्यावरून नजर काढायची नाही. पण आपल्याकडे सूर्य उगवतो, त्याला कोण काय करणार? म्हणून तुम्ही जगभरच्या दुर्बिणी एकमेकींना जोडल्या. इथे उजाडलं की पश्चिमेकडची दुर्बीण तारा हातात घेणार, तिथे उजाडलं की त्याच्या पलीकडची. आपला चुलतभाऊ संतोष आपल्या मूळ गावी, चाकणलाच, कंपनीत पाळीवर जाणारा. त्याला हे माझ्याआधी कळलं.

"म्हंजी फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्ट! मशीन बंद ठेवायची न्हाई."

"मशीन म्हणजे तारा रे. तो चालूच असतो. पाळ्या बघणाऱ्यांच्या," तू म्हणालीस.

"ओव्हरटाइम मिळतो का पर?"

"नाही."

"मंग कंपनी बरी."

मग आलं तुझं ते पहिलं मोठं उत्तर. फट अरुंद निघाली. तारा सूर्यापेक्षा थोरला! आपल्या सूर्याचं वय साडेचारशे कोटी वर्षांच्या वर, आणि हा दिसायला अगदी सूर्यासारखा असून त्याच्याहूनही जुना. तुझा शोधनिबंध छापून आला, मी बातमी केली, आणि दोन दिवसांत संतोषने चाकणच्या चौकात फ्लेक्स लावला.

तो फ्लेक्स कोण विसरेल? माझ्या लग्नातला तुझा पैठणीतला फोटो, मागे निळ्या आभाळात भलत्याच आकाराच्या चांदण्या, आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे, तुझ्या चेहऱ्यापेक्षा मोठे. वर लाल अक्षरांत: 'सूर्याचा थोरला भाऊ शोधणारी चाकणची कन्या! हार्दिक अभिनंदन!'

"मी शोधला नाही रे, तो होताच. मी वय काढलं," तू संतोषला म्हणालीस.

"ताई, फ्लेक्सवर जागा किती असती?"

आई चौकात रिक्षा थांबवून तो बघून आली. दोन वेळा. दुसऱ्या वेळी शेजारणीला घेऊन.

आता खरी गोष्ट. हे मी लिहिलं नाही तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

काही महिन्यांनी तुला कुठेतरी व्याख्यान द्यायचं होतं. एरवी तुम्ही सगळ्या दुर्बिणींची निरीक्षणं एकात एक मिसळून बघता. त्या दिवशी चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून तू प्रत्येक दुर्बिणीची लाट वेगळी काढलीस. आणि तुला दिसलं, की एकीची लाट दरवेळी जरा आधी येते. नेहमी तिचीच, आणि नेहमी तेवढीच आधी.

दुसरा कुणी म्हणाला असता, यंत्रच आहे, होतं कधीकधी. तू त्या दुर्बिणीवरच्या माणसाला फोन लावलास आणि विचारलंस, तुम्ही वेळ कधीची नोंदवता? प्रकाश साठवायला सुरुवात होते तेव्हाची, की साठवण्याच्या मध्याची? तो सहज म्हणाला, "सुरुवातीची." बाकी सगळे मध्याची नोंदवत होते. फरक एका मिनिटाचाही नव्हता. एका पाळीच्या माणसाने कामावर आल्याची वेळ लिहावी, दुसरीच्या माणसाने जेवणाच्या सुट्टीची, आणि हिशेब करणाऱ्याने दोन्ही एकच धराव्यात, असलं काहीसं.

ही चूक तुम्हा लोकांकडूनच होऊ शकते, वैजू! कोट्यवधी वर्षं मोजायला बसलेल्या माणसाचा पाय अर्ध्या-पाऊण मिनिटात अडकतो! पण तारा पाच-सहा मिनिटांत एक हेलकावा घेतो, त्यात तेवढं अंतर म्हणजे फार. लाटेवर लाट सरकून बसली, खऱ्या ठोक्याशेजारी एक खोटा ठोका उभा राहिला, आणि रुंद फट अरुंद दिसली. थोरला तारा थोरला नव्हताच.

तुझ्या संस्थेतल्या मोठ्या सरांकडे गेलीस. ते काही वाईट माणूस नव्हते, तुझ्या भल्याचंच सांगत होते. म्हणाले, "पुढच्या निबंधात एका ओळीत लिहून टाक. आत्ता कशाला? महिन्यावर मुलाखत आहे." कायमच्या जागेची मुलाखत. किती वर्षं तू वर्षा-वर्षाच्या नेमणुकीवर काढली होतीस, ते मला ठाऊक आहे.

तू सबंध निबंध मागे घेतलास. मुलाखतीच्या आधी. आणि मुलाखतीत त्यांनी विचारायच्या आत स्वतःच सांगितलंस.

ती जागा दुसऱ्याला मिळाली. तुला राग आला नाही? मला आला होता. मी फोनवर बरंच काही बोललो, तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "दादा, तुझी बातमी चुकीची आहे. ती कधी दुरुस्त करतोयस?"

दुसऱ्या दिवशी तू बसने थेट आमच्या कार्यालयात. संपादकांच्या समोर बसलीस. त्यांनी चष्मा काढून तुझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, सूर्याने तक्रार केलीय का?"

"सूर्याने नाही. मी करतेय."

"आमच्या वाचकाला थोरला काय नि धाकटा काय?"

"तुम्ही थोरला छापलात तेव्हा हा प्रश्न विचारला नव्हता," तू म्हणालीस.

संपादक मोठ्याने हसले आणि मला म्हणाले, "हिला इकडे नोकरीला घ्या." दुरुस्ती छापून आली, पहिली बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर. आमच्याकडे फोन आले ते सगळे राशीभविष्य विचारणारे. सूर्याचा भाऊ धाकटा झाला, तर सिंह राशीला काही त्रास आहे का?

पण तुझं समाधान एवढ्यावर झालं नाही. तू संतोषला गाठलंस. "फ्लेक्स कुठाय?"

"कुठला फ्लेक्स?"

"माझा."

"ताई, त्याला झाले की सहा-सात महिने! तो कवाच उतरीवला. मार्केटात असंल, कांद्यावर झाकलेला."

तू म्हणालीस, चल दाखव. संतोषने मला फोन केला, "भावा, ताईला समजाव, उन्हात कुठं न्हेऊ?" तुला समजावणं मला कधी जमलं होतं? मीच आलो गाडी घेऊन.

चाकणचा कांदा बाजार, भर दुपार, ट्रकांची रांग, कांद्याच्या सालींचा पाचोळा पायात घोटाळतोय. पाखरं उडावीत तशी त्या साली वाऱ्याने उडत होत्या. एका शेडच्या कडेला गोण्यांची थप्पी आणि तिच्यावर तू, पैठणीत, उलटी. शुभेच्छुक सगळे दुमडून आत गेले होते. नेमकं 'सूर्याचा थोरला भाऊ' तेवढं वर आलं होतं. तुला तर बरंच झालं!

तू पिशवीतून जाड मार्कर काढलास. म्हणजे घरून घेऊन निघाली होतीस! 'थोरला'वर आडवी रेघ मारलीस आणि त्याच्या वर लिहिलंस, 'धाकटा'. फ्लेक्स उलटा असल्यामुळे तुला वाकून, मान वेळावून लिहावं लागलं. दोन हमाल हातातलं काम सोडून बघत उभे राहिले.

"बाई, कांद्याला वाचता येतं व्हय?" एकाने विचारलं.

"मला येतं," तू म्हणालीस.

दुसरा पुढे येऊन ते वाचू लागला, अक्षर अक्षर लावत. "धा-क-टा." मग पहिल्याला म्हणाला, "बरोबर हाय, गड्या. थोरला आसता तर घरी बसला आसता, एवढ्या लांब गेला नसता."

तू इतकी हसलीस की मार्कर हातातून पडला. संतोष कपाळाला हात लावून उभा. "ताई, ह्या गावात आजवर कुणी स्वतःच्या फ्लेक्सवर स्वतःच रेघ मारली न्हाई. दुसऱ्याच्या मारत्यात."

तुला आज एक सांगतो. तुझ्या नावाची पहिली बातमी छापून आली त्या दिवशी मला आनंद झाला होता. अभिमान वाटला तो त्या दुपारी, त्या शेडमध्ये. कुणीही विचारलं नव्हतं, कुणीही तपासणार नव्हतं, दोन दिवसांत तो फ्लेक्स फाटून गेला असता. तरी तू भर उन्हात वाकून एक शब्द बदलत होतीस. ही माझी बहीण आहे, असं त्या हमालांना ओरडून सांगावंसं वाटलं.

पुढचा काळ सोपा नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. तू सगळी निरीक्षणं नव्याने मांडलीस, वेळा सारख्या केल्यास. नवं उत्तर आलं, तारा सूर्याहून धाकटा. पण एकदा पलटलेल्या उत्तरावर विश्वास कोण ठेवणार? एका परिषदेत कुणीतरी भर सभेत म्हणालं, "मागे थोरला होता, आता धाकटा. पुढच्या वर्षी जुळा का?" सभा हसली. तू तो किस्सा मला हसत हसत सांगितलास. आईला मात्र सांगू नकोस म्हणालीस.

आई तर कधीच डगमगली नव्हती. "थोरला का धाकला, त्ये आमाला काय कळतंय! पर वैजी म्हणती म्हंजी आसंल. ती लहानपणी दूध सांडलं तरी स्वतः येऊन सांगायची." या एका साक्षीवर आईने तुझं खगोलशास्त्र मान्य केलं होतं.

आणि मग तुझं आजारपण. त्यावर मी फार लिहिणार नाही, तू स्वतःही कधी फार बोलली नाहीस. पण एक तक्रार आहे, ती ऐकून घे. निदान झाल्यावर दोन महिने तू घरी कळू दिलं नाहीस, कारण तुझ्या ताऱ्याचा हंगाम चालू होता आणि तुझी पाळी होती. असं करतात का, वैजू? तारा पुढच्या वर्षी परत आला असता. वयाच्या गोष्टी करणारी तू, तुला एवढं कळू नये?

मी तेव्हा हे बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "दादा, मथळा देऊ नकोस." म्हणून आता बोलतोय.

रुग्णालयात मुक्ता रोज यायची. लातूरकडची पोर, बोलायला फटकळ. तुझ्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसायची, तू डोळे मिटून तिला सांगायचीस. नर्सबाई ओरडायच्या. एकदा मी मुक्ताला बाहेर नेऊन म्हटलं, तिला जरा पडू दे. ती म्हणाली, "मी काय करू? मॅडमच म्हनतेत, तू नाही आलीस तर मी उठून येते म्हनून." तेव्हा मला कळलं, तू तिला शिकवत नव्हतीस, तिच्या हाती काम सोपवत होतीस. शेवटी शेवटी तू मला एकदाच म्हणालीस, "उत्तर येईल, दादा. माझ्याविरुद्ध आलं तरी येऊ दे." मी मान हलवली. मला तेव्हा ते उत्तर तुझ्याविरुद्ध यायला नको होतं. कुठल्या भावाला हवं असतं?

ते तुझ्या बाजूने आलं. फट रुंदच आहे. तुझं दुरुस्त मोजमाप आणि त्यांचं मोजमाप इतकं जवळ आहे, की मुक्ता म्हणते, एकावर एक ठेवलं तर खालचं दिसत नाही.

त्यांनी त्यांच्या निबंधात तुझं नाव घेतलंय. पण मुक्ताने दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मला त्याहून मोठी वाटली. आता दोन ठिकाणची निरीक्षणं एकत्र करण्याआधी प्रत्येक दुर्बिणीला विचारतात, तुमची वेळ सुरुवातीची की मध्याची? हे विचारायचं राहिलं तर मुक्ताच्या गटातली पोरं एकमेकांना टोमणा मारतात, "वैजूताईला विचारलंस का?" यातल्या निम्म्यांनी तुला पाहिलेलंही नाही! पुरस्कार मिळालेले पुष्कळ लोक माझ्या पानावरून गेलेत, वैजू. टोमण्यात राहिलेलं माणूस पहिल्यांदाच बघतोय.

काल घरी आलो तेव्हा आई टीव्हीसमोर भाजी निवडत होती. मी सांगितलं, "आई, वैजूचा तारा धाकटाच आहे. बाहेरच्या लोकांनी मोजला."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "मंग? मी काय सांगत व्हते?" आणि जुडी पुन्हा उचलत, माझ्याकडे न बघता, "तिला कळायला पायजे व्हतं."

मी तिच्याशेजारी बसलो आणि आम्ही दोघांनी मेथी निवडली.

संतोषला कळवलं तर तो लगेच, "भावा, नवा फ्लेक्स! आता तर पक्कं झालं!" मी म्हटलं, लाव. पण मजकूर छापायच्या आधी मला दाखव, आणि मुक्तालाही. तो म्हणाला, "तुम्ही सगळी घरची माणसं लई अवघड हाय राव." मला ते फार आवडलं. आपल्या घराबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

आता पुढचं सांगतो, कारण तू तेच विचारशील.

त्या ताऱ्यानंतर तू हाती घेतलेला दुसरा तारा अजून तसाच आहे. त्याच दुर्बिणींनी पाहिलेला, तुझ्याच हाताने दुरुस्त केलेला, पण दुसऱ्या कुणीही न तपासलेला. अवकाशातल्या दुर्बिणीने त्याच्याकडे अद्याप पाहिलेलं नाही. सध्या तो सूर्याच्या पलीकडे आहे, थंडी सुरू झाली की रात्रीच्या आकाशात येईल. जगभरच्या दुर्बिणींनी त्याला वेळ दिलाय आणि आपल्याकडची पहिली पाळी मुक्ताची आहे. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं, वैजूचं बरोबर निघेल?" ती म्हणाली, "दादा, असलं वाटून घेऊन बघायला बसलं की वाटतं तेच दिसतं. म्हनून मी वाटून घेत नाही." अगदी तुझा आवाज!

म्हणजे याही वेळी काहीही होऊ शकतं. उत्तर तुझ्या बाजूने येईल, किंवा तू चुकलेली निघशील. काल पक्का झालेला आनंद हातात असताना हे लिहायला मला जरा जड जातंय. पण आता भीती वाटत नाही.

माझा शब्द घे, वैजू. थंडीत मुक्ताचा फोन येईल, त्या दिवशी मी तुला पुन्हा लिहीन. तू बरोबर निघालीस तर लिहीन, आणि चुकलीस तर आणखी लवकर लिहीन. आईलाही त्याच दिवशी सांगेन, शब्द न बदलता. माझ्या अभिमानाला कुठल्या बाजूचं उत्तर लागत नाही.

तुझा,
दादा
निगडी